आधी बस, मग डोळा

तोचिदाइराच्या वरच्या वळणावर बसथांबा आहे. पत्र्याचं छप्पर आहे, लांब बाकडं आहे, वेळापत्रक लावायची काचेची चौकटही आहे. नव्हती ती फक्त बस. जुनी बस बंद पडून नऊ वर्षं झाली होती आणि नवी बस येणार हे ऐकून तीन.

ती बस येणार असं घरोघर जाऊन सांगितलं होतं हात्सुएनं. तिला ते विसरता येत नव्हतं.

हात्सुए शहात्तर वर्षांची. बुटकी, रुंद खांद्यांची, दोन्ही हातांत मुळ्यांच्या जुड्या घेऊन चढ चढणारी. अकेहारा गावातल्या पक्षाच्या महिला शाखेची ती बावीस वर्षं प्रमुख होती. अकेहारा खाली दरीत, हात्सुएची वाडी तोचिदाइरा तिथून सात किलोमीटर वर. पण वर काय आणि खाली काय, पक्ष एकच. तिच्या सासऱ्यांनी त्या पक्षाला मत दिलं, नवऱ्यानं दिलं, तिनं दिलं. त्याला कुणी नावानं हाकसुद्धा मारत नसे. ‘आपला पक्ष’ म्हटलं की झालं. दुसरा पक्ष होता, त्याला ‘पलीकडचे’ म्हणत, आणि पलीकडचे म्हणजे गावाच्या सभागृहात बसणारा एकटा इसोबे.

तीन वर्षांपूर्वी नगराध्यक्ष हिमुरो वर वाडीत आले होते. म्हाताऱ्या माणसांच्या हातून गाड्यांचे अपघात होतात, वर्तमानपत्रात रोज येतं, तेव्हा सत्तरीपुढच्यांनी आपापली लायसन्स पोलिसांकडे परत करावीत, असं त्यांनी सांगितलं. बदल्यात आठवड्यातून दोनदा छोटी बस देतो म्हणाले. जाताना हात्सुएला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्या शब्दाला इथं मान आहे. सुरुवात तुमच्या घरापासून झाली तर बाकीचे ऐकतील.”

सुरुवात तिच्या घरापासून झाली. तिचा नवरा तोकुजी एक्क्याऐंशीचा. लायसन्स देऊन आला त्या दिवशी तो घरात आला नाही. नुसता अंगणात उभ्या असलेल्या आपल्या छोट्या ट्रकमध्ये जाऊन बसला, चाकावर दोन्ही हात ठेवून, जेवायला हाक मारेपर्यंत. मग हात्सुए आणखी दहा घरं फिरली. अकरा लायसन्स गेली. अकराही जणांना गावाच्या शिक्क्याचं आभारपत्र मिळालं आणि खाली अकेहारातल्या गरम पाण्याच्या न्हाणीघराचा जन्मभराचा फुकट पास मिळाला. तिथं जायचं कसं, ते पासावर लिहिलेलं नव्हतं.

तोकुजीच्या ट्रकमध्ये आता कोंबड्या राहत होत्या.

दवाखाना खाली, न्हाणीघर खाली, टोफूचं दुकान खाली. तोकुजीचा बुद्धिबळातला जोडीदारही खालीच. दोघं फोनवरून डाव मांडत आणि फोनवरूनच भांडत. “तू सोंगटी हलवलीस! मी इथून ऐकलं!” असं तोकुजी ओरडला की हात्सुए स्वयंपाकघरातून हसत असे. पण ऑगस्टपासून तिला हसू कमी येऊ लागलं होतं. शेजारच्या मित्सुयोचे गुडघे धरले होते, आणि दवाखान्यात जायला तिला कुणाच्या तरी पाया पडावं लागत होतं. आणि दूरच्या साइतामा शहरातून मुलाचा, योशिताकाचा, दर रविवारी फोन येई.

“आई, बर्फ पडायच्या आत इकडे या. नवव्या मजल्यावर तुमची खोली रिकामी करून ठेवली आहे. बाबांना वर काही झालं तर तू काय करणार?”

तोकुजी मागून विचारी, “नवव्या मजल्यावर मुळे कुठं लावायचे, विचार त्याला.”

पण मुलाचं चुकत नव्हतं. शेवटी दोघांचं ठरलं, की डिसेंबरच्या मध्यापर्यंत बस आली नाही तर घर बंद करून जायचं. म्हणजे हे जाणं, खरं पाहिलं तर, हात्सुएनंच स्वतःवर ओढवून घेतलं होतं. स्वतःवरच कशाला, अकरा घरांवर.

ऑक्टोबरात नगराध्यक्षाची निवडणूक आली.

निवडणूक म्हणायची एवढंच. अर्ज भरायचा दिवस एकच असतो, आणि संध्याकाळी पाचपर्यंत दुसरा कुणी अर्ज भरला नाही तर मतदान होतच नाही. अकेहारात सोळा वर्षं मतदान झालं नव्हतं. तरी थाट सगळा व्हायचा. सकाळी पांढरे हातमोजे, कपाळाला पट्ट्या, कर्णा लावलेली गाडी. हात्सुए पहाटे इसोबेच्या दुधाच्या गाडीतून खाली आली होती. पलीकडचा असला तरी पहाटे त्या रस्त्यानं जाणारा तो एकटाच. प्रचार कचेरीच्या मागे तिनं आणि महिला शाखेनं दोनशे भाताचे गोळे वळले, आत एकेक खारवलेलं आंबट आलुबुखार घालून. मोठ्या पातेल्यात मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार उकळत होतं. टेबलावर मध्यभागी दारुमा बसला होता. लाल, गोल, मोठ्या भोपळ्याएवढा कागदी बाहुला, पायाशिवायचा, दोन्ही डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. सकाळी हिमुरोंनी त्याचा एक डोळा काळ्या शाईनं भरला. दुसरा भरायचा जिंकल्यावर.

अकेहारात याची एक रीत होती. ब्रश नेत्यानं स्वतः उचलायचा नाही. महिला शाखेची प्रमुख तो शाईत बुडवते आणि त्याच्या हातात देते. हिमुरोंच्या वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे ते नगराध्यक्ष होते तेव्हापासून, हे असंच चालत आलं होतं.

पाच वाजून दोन मिनिटांनी नगरकचेरीतून फोन आला. दुसरा अर्ज नाही. सगळे उभे राहिले, हात वर गेले, जयघोष झाला, “बांझाई! बांझाई! बांझाई!” पत्र्याचं छप्पर दणाणलं. साकेचं, तांदळाच्या दारूचं, पिंप फोडलं. हिमुरो अठ्ठावन्न वर्षांचे, गोल चेहऱ्याचे, हसरे. दारुमासमोर येऊन उभे राहिले, फोटोवाला सरसावला, आणि त्यांनी हातमोजा घातलेला हात पुढे केला.

हात्सुएनं ब्रश शाईत बुडवला. कडेला नीट निथळला. पण दिला नाही.

“नगराध्यक्ष, एक विचारू?”

“विचारा ना, विचारा!” त्यांना वाटलं, बायकांना सोबत फोटो हवा असणार.

“तोचिदाइराची बस कुठवर आली?”

दोघंचौघं हसले. त्यांना ती थट्टा वाटली. हिमुरोही हसले, पण हात तसाच पुढे राहिला. “त्या विषयाचा आम्ही सकारात्मक दृष्टीनं विचार करतो आहोत.”

“तीन वर्षं? एवढ्या वेळात माझ्या कोंबड्यांच्या पणतींनी अंडी घातली.”

आता मागच्या रांगेतून खरं हसू आलं. बायकांच्या बाजूनं. पक्षाच्या गावशाखेचे अध्यक्ष शिओबारा पुढे सरसावले. पासष्टीचे, ताठ, सोनेरी काड्यांचा चष्मा. गावातल्या दोन टॅक्सी आणि एक मोठी गाडी त्यांचीच. “हात्सुएसान, आज शुभ दिवस आहे. असले प्रश्न पलीकडचे विचारतात.”

“पलीकडचे विचारतात तेव्हा तुम्ही म्हणता, तो काय, पलीकडचा आहे. म्हटलं आपल्यातल्या कुणी विचारून बघावं.”

“अहो, पण आपल्या माणसाला असं चारचौघांत…”

“आपला आहे म्हणूनच. याचे वडील नगराध्यक्ष होते तेव्हा याचं नाक मी माझ्या एप्रनला पुसलं आहे. परका असता तर मी तोंड फिरवून गेले असते.” ती हिमुरोंकडे वळली. “मतदान झालं असतं तर मत देताना विचार केला असता. आज माझं मत कुणी मागितलंच नाही. मग मी विचारायचं कधी, तेत्सू?”

लहानपणचं नाव ऐकून नगराध्यक्षांचे कान लाल झाले. सार तेवढं उकळत होतं.

“वर्षभरात नक्की काहीतरी…” ते म्हणाले.

“बरं. मग काहीतरी झालं की भरू.” हात्सुएनं ब्रश पुसला, लाकडी पेटीत ठेवला, पेटी एप्रनच्या खिशात घातली. मग दारुमा दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. “आधी बस, मग डोळा.”

आणि ती बाहेर पडली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला घरी जायला गाडी नाही. बावीस वर्षांत तिनं या माणसांसमोर ‘सार आणखी वाढू का’ याखेरीज काही विचारलं नव्हतं.

आतून तिला सोडायला कुणी येईना. कोपऱ्यावर इसोबेची दुधाची गाडी उभी होती. कर्ण्यावरून ऐकलं असावं, नाहीतर भिंतीला कान लावून. तो आनंदानं नुसता फुलला होता. पन्नाशीचा, केस विस्कटलेले, नाकावर कायम ऊन लागलेलं.

“बसा, बसा, हात्सुएसान! दारुमालाही पट्टा लावा. काय बोललात! आता आमच्याकडेच या तुम्ही.”

“गप गाडी चालव.”

तीन वळणं गेल्यावर ती म्हणाली, “तू सभागृहात बसतोस ना?”

“अकरा वर्षं!”

“तीन वर्षांत बसचा प्रश्न कितीदा विचारलास?”

इसोबेनं गिअर बदलला. “एकदा. लेखी.”

“एकदा! आणि दुधाची गाडी घेऊन रोज वर येतोस. मित्सुयोचे गुडघे रोज बघतोस.”

“अहो, मी एकटा पडतो तिथं. विचारून उपयोग काय? ते ऐकत नाहीत.”

“आणि नगराध्यक्षासाठी तुमच्यातला एक माणूस उभा राहू नये?”

“मी राहणार होतो. पाठ धरली.”

“आज पहाटे दुधाचे कॅन चढवताना नव्हती धरली.” हात्सुएनं दारुमा मांडीवर सरळ केला. “तुमचा कुणी निवडून आला ना, तर त्याचाही बाहुला मी असाच उचलून नेईन. ऐकून ठेव. आणि पुढच्या बैठकीत तोंडी विचार. उभा राहून.”

इसोबेनं तिला घरापर्यंत आणलं. ती उतरताना मात्र तो म्हणाला, “तुम्ही आमच्याकडे नका येऊ. जमायचं नाही आम्हाला.”

दारुमा कुठं ठेवायचा हा प्रश्न तोकुजीनं सोडवला. त्यानं सगळी हकीकत दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा तर तिला एप्रन घालून करून दाखवायला लावली. मग म्हणाला, “घरात कशाला? बसची वाट बघतोय तो. थांब्यावर बसव.”

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याचा दारुमा थांब्याच्या बाकड्यावर बसला. थंडी वाजू नये म्हणून मित्सुयोनं त्याला जुन्या लोकरीची टोपी विणली. मंगळवार आणि शुक्रवार हे बसचे ठरलेले दिवस. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला, लायसन्स दिलेले अकराही जण येऊन दारुमाशेजारी बसू लागले. कुणी थर्मासमधून चहा आणी, कुणी मुळ्याचं लोणचं. चौऱ्याऐंशी वर्षांचे कुनिमात्सु एकेकाळी जुन्या बसचे ड्रायव्हर होते. ते घड्याळात बघून पाच-पाच मिनिटांनी मोठ्यानं सांगत, “गाडी उशिरा धावत आहे. प्रवाशांनी सहकार्य करावं.” ऐकू त्यांना स्वतःलाच येत नसे, म्हणून आवाज दरीपलीकडे जाई. अकरा वाजले की सगळे उठून घरी.

हात्सुएला वाटलं होतं लोक तोंड फिरवतील. झालं उलटंच. खालून माणसं गाडी घेऊन बघायला येऊ लागली. येताना टोफू आणत, जाताना मित्सुयोला दवाखान्यात सोडत.

चौथ्या शुक्रवारी शिओबारा आले. स्वतःच्या टॅक्सीतून, मागच्या सीटवर बसून.

“हात्सुएसान, पक्षाची शोभा होते आहे. शाखेनं ठरवलं आहे, की तुम्ही प्रमुखपद सोडावं.”

हात्सुएनं एप्रन काढला, चौघडी केली आणि त्यांच्या हातात दिला. “हा घ्या. मग पंधरा तारखेला निवडणुकीच्या आभाराचं जेवण आहे, त्याला अळकुड्यांचा रस्सा कोण करणार?”

“कुणीतरी करेल.”

पंधरा तारखेला कुणीच केला नाही. खालच्या बायकांपैकी एकीला पातेलं सापडेना, दुसरीला पातेल्याचं झाकण सापडेना, तिसरी म्हणाली, की पाण्याचं प्रमाण हात्सुएसानच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. शंभर पाहुण्यांनी दुकानातले थंड डबे खाल्ले. सोळा तारखेला मंगळवार होता. सकाळी साडेनऊला काळी सरकारी गाडी वर आली.

हिमुरो उतरले. हातात गोड वड्यांचा खोका होता. बाकड्यावरच्या अकरा जणांनी सरकून जागा केली. ती नेमकी दारुमाच्या शेजारी निघाली. नगराध्यक्ष बसले. समोर ड्रायव्हर गाडी पुसत होता.

“गाडीला खाली पाठवा,” हात्सुए म्हणाली.

“मला अकराला बैठक आहे.”

“मित्सुयोला साडेदहाला डॉक्टर आहेत. काळजी करू नका, बस येईलच.”

मित्सुयोनं खो-खो हसून गुडघ्यावर थाप मारली आणि लगेच “आई गं” म्हणाली. हिमुरोंनी क्षणभर विचार केला आणि ड्रायव्हरला हात केला. गाडी वळणाआड गेली. थंडी होती. मित्सुयोनं त्यांना चहा दिला.

थोड्या वेळानं ते हळू आवाजात हात्सुएला म्हणाले, “मी विसरलो नव्हतो. खरंच नाही. पण शिओबारासाननी सांगितलं, बस आली तर त्यांच्या टॅक्सीचं काय? शाखा त्यांच्या हातात आहे. त्यांच्याशिवाय मला उभं राहता येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे.”

हात्सुएनं दारुमाची टोपी सारखी केली. खरं सांगायचं तर तिला माहीत नव्हतं. आणि माहीत करून घ्यायचा तिनं कधी प्रयत्नही केला नव्हता. शिओबारांच्या टॅक्सीतून ती बावीस वर्षं सभांना गेली होती.

“काय म्हणाला तो?” कुनिमात्सु ओरडले.

“शिओबारासान बस होऊ देत नाहीत म्हणतोय!” तोकुजी त्यांच्या कानात ओरडला. दरीत घुमलं.

“अहो, हळू!” हिमुरो म्हणाले.

“हळू बोललं की आम्हाला ऐकू येत नाही,” तोकुजी म्हणाला.

हात्सुएनं विचारलं, “शिओबारासानची टॅक्सी गेल्या वर्षात तोचिदाइराला किती वेळा आली?”

सगळ्यांनी मिळून आठवलं. दोनदा. एकदा वाट चुकून.

“म्हणजे त्यांचं इथून काही जात नाही. आणि त्यांची ती मोठी गाडी, नऊ जण बसतात ती, लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतलेली. ती कधी हलते?”

“वसंतात. एखादं लग्न असलं तर,” हिमुरो म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. “तीच गाडी गावानं आठवड्यातून दोन दिवस लावून घेतली तर… ड्रायव्हरही त्यांचाच…” मग ते हात्सुएकडे वळले. “तुम्ही बोलाल त्यांच्याशी? तुमचं ऐकतील ते.”

तीन वर्षांपूर्वीही त्यांनी हेच म्हटलं होतं, असंच बाजूला घेऊन. हात्सुएला ते आठवलं आणि तिचा आवाज चढला.

“नाही. माझा शब्द एकदा वापरलात. निवडून तुम्ही आलात, मी नाही. तुम्ही बोला. इथून, आत्ता. मी फक्त ऐकते.”

हिमुरोंनी फोन काढला. ते उठून बाजूला जाऊ लागले, तर कुनिमात्सुंनी कोट धरला. “बसूनच बोला. प्रवाशांना ऐकू आलं पाहिजे.” म्हणून फोन बाकड्यावर, दारुमाच्या पुढ्यात ठेवला, आवाज पुरता मोठा करून.

“शिओबारासान, मी हिमुरो. त्या वाहतुकीच्या संदर्भात एक सर्वसमावेशक…”

“काय म्हणाला?” कुनिमात्सु.

“काही नाही म्हणाला अजून,” तोकुजी.

“सर्वसमावेशक म्हणजे बस का?” मित्सुयोनं विचारलं.

नगराध्यक्षांनी डोळे मिटले, उघडले. सोळा वर्षं सभागृहात ते गुळगुळीत शब्दांत बोलत आले होते, पण गुळगुळीत शब्द बहिऱ्या कानात शिरत नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि ओरडून सांगितलं, “शिओबारासान! तोचिदाइराला बस द्यायची आहे! मी शब्द दिला होता! तो मी मोडला!”

“हां!” कुनिमात्सु म्हणाले. “आता आलं ऐकू.”

फोनमधून शिओबारांचा आवाज आला. “नगराध्यक्ष? तुम्ही ओरडता का आहात? कुठं आहात?”

“थांब्यावर! तुमची मोठी गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी गावाला हवी आहे! नियमाप्रमाणे, कागदावर, सभागृहात मांडून! नाही म्हणालात तर शेजारच्या गावातून मागवीन! पण बस येणार!”

“आणि पुढच्या वेळी शाखा तुमच्या मागे उभी राहील असं वाटतं तुम्हाला?” शिओबारांनी थंडपणे विचारलं.

हिमुरोंनी बाकड्यावरच्या अकरा चेहऱ्यांकडे बघितलं. त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते, पण आवाज उतरला नाही. “ते तेव्हा बघू! पण शाखा म्हणजे रस्सा करणारी माणसं असतील, तर ती सध्या माझ्या शेजारी बसली आहेत!”

फोन खरखरला. मग शिओबारा म्हणाले, “त्या गाडीचं हीटर नीट चालत नाही.”

“दुरुस्त करा!” अकराच्या अकरा जण एकदम ओरडले.

त्या दिवशी बस आली नाही हे उघड होतं. नगराध्यक्ष, हात्सुए आणि तोकुजी सात किलोमीटर चालत खाली गेले, इसोबेच्या दुधाच्या गाडीत एकच जागा होती, ती मित्सुयोला दिली. तिसऱ्या वळणावर हिमुरोंच्या चकचकीत बुटांनी टाच सोलली. तोकुजीनं आपली काठी त्यांना दिली. “तरुण माणसा, वजन उताराकडे टाकू नकोस,” तो म्हणाला. बैठकीला ते दीड तास उशिरा पोहोचले. तिथं इसोबे आधीच उभा राहून बसचा प्रश्न विचारत होता, तोंडी, तिसऱ्यांदा. त्याला काही झालं तरी बसायचं नव्हतं. हिमुरोंनी उत्तर दिलं तरी सवयीनं तो आणखी पाच मिनिटं उभाच राहिला. मग बसच्या ठरावाच्या बाजूनं आपल्या पक्षाचे आणि पलीकडच्याचा, असे सगळे हात एकाच वेळी वर गेले. असं अकेहारात आधी कधी झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, वळणावरून पांढरी गाडी वर आली. पाटीवर ‘तोचिदाइरा’ असं लिहिलं होतं. गाडी शिओबारा स्वतः चालवत होते. ड्रायव्हर सर्दीनं पडला होता म्हणे. बाजूच्या सीटवर चौघडी केलेला एप्रन होता. तो त्यांनी एक शब्द न बोलता खिडकीतून हात्सुएच्या हातात दिला. तिनं बांधला.

नगराध्यक्षही गाडीतूनच उतरले, फोटोवाल्यासकट. त्यांनी दारुमाला वाकून नमस्कार केला, हातमोजे चढवले आणि हात पुढे केला.

“ब्रश?”

“कशाला?” हात्सुएनं विचारलं.

“बस आली ना!”

“ही आज आली. रिबीन कापायला सगळेच येतात. जानेवारीच्या बर्फात आली पाहिजे, फेब्रुवारीत आली पाहिजे. एप्रिलला बघू.”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. हिमुरोंनी शिओबारांकडे बघितलं, आणि शिओबारा गाडीच्या चाकावर हात ठेवून चक्क हसत होते. “मी सांगितलं होतं तुम्हाला,” ते म्हणाले. “बावीस वर्षं ओळखतो मी यांना. चला, बसा सगळे. हीटर चालू आहे.”

गाडीत नऊ जागा आणि हात्सुए धरून माणसं बारा. पहिल्या फेरीला तिघं मागे राहणार होते, त्यावरून दहा मिनिटं वाद झाला. वाद मागे राहण्यासाठी होता. सगळ्यांनाच दुसऱ्या फेरीला ऐसपैस जायचं होतं.

त्या रविवारी योशिताकाचा फोन आला. हात्सुए म्हणाली, “खोली तुझ्या बायकोला दे, शिवणकामाला. आम्ही येत नाही.” आणि लगेच पुढे म्हणाली, “उन्हाळ्यात येऊ चार दिवस. तुझ्या वडिलांना एवढ्या उंचीवरून खाली बघायचं आहे म्हणतात.”

“मी असं कधी म्हणालो?” तोकुजी आतून ओरडला.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ कोसळलं. रात्रभरात छातीएवढं. शुक्रवारी सकाळी सात वाजता घरातला फोन वाजला. हात्सुएनं उचलला.

“मी हिमुरो.” दम लागलेला होता. “बर्फ काढायचं यंत्र सहा वाजता निघालं आहे. तिसऱ्या वळणावर झाड पडलं होतं, ते काढलं. नऊ दहाची बस नऊ पस्तीसला येईल. मी विचारून घेतलं आहे. तुम्ही विचारण्याआधी सांगावं म्हटलं.”

हात्सुए खिडकीशी उभी होती. खाली, दूर वळणावर, यंत्राचा पिवळा दिवा फिरत वर येत होता. तिनं तोकुजीला खूण केली, मोजे चढवा म्हणून.

“ठीक आहे, नगराध्यक्ष,” ती म्हणाली. “पण मंगळवारी परतीची बस सात मिनिटं उशिरा सुटली. त्याचं काय झालं?”